गोजराबाईंच्या डोळ्यातली उघाडी

मित्रांनो, तुमची माझी ओळख नाही, पण तुमच्यापैकी कुणाच्या तरी आजी-आजोबांनी माझ्यासमोर हनुवटी टेकवलेली असेल. डोळ्यांच्या आतली चित्रं काढणारी मी एक जुनी मशीन आहे. कागदावर माझं नाव हातभर लांब आहे, पण दवाखान्यात मला सगळे 'ओसीटी' म्हणतात. कोपरखैरण्यात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर डॉक्टर वैशाली सामंत यांचा डोळ्यांचा दवाखाना आहे. खाली फरसाणाचं दुकान, वरच्या मजल्यावर मुलांची शिकवणी, आणि मधे आम्ही. तिथल्या एका अंधाऱ्या, गार खोलीत मी नऊ वर्षं राहते आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसं पांढरे झगे घालून, श्वास रोखून माझी भिंगं बसवत. मग एका लाकडी खोक्यात बसून, जहाजातून हेलकावे खात मी न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरले. दवाखान्यात मला आणलं तेव्हा वैशाली मॅडमनी माझ्या डोक्याला कुंकू लावलं होतं आणि खालच्या दुकानातून पेढे आणले होते. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू!

मी चित्र कसं काढते, ते आधी सांगते. मी टोचत नाही, दाबत नाही, डोळ्याला हातही लावत नाही. मी फक्त प्रकाश सोडते आणि तो परत येण्याची वाट बघते. क्षिप्रा म्हणून एक मुलगी मला चालवते. ती रोज सकाळी माझी काच पुसताना मोबाइलवर कीर्तन लावते. बुवा एक चरण टाकतात आणि मागचे टाळकरी तो झेलून परत देतात, अगदी तसंच माझं आहे. मी प्रकाशाचा चरण टाकते, डोळ्यातला एकेक पडदा तो झेलून मला परत देतो. कुठून, किती जोरात परत आला, यावरून मी आतलं सगळं चित्र काढते. जिथे पडदा जाड, तिथून प्रकाश भरपूर परत येतो आणि चित्रात पांढरं दिसतं. जिथे नुसतं पाणी, तिथून काहीच परत येत नाही आणि तिथे काळं दिसतं. एवढं लक्षात ठेवा. पांढरं म्हणजे पडदा, काळं म्हणजे पाणी. पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

पहिली पाच वर्षं मी फक्त डोळ्याच्या मागच्या बाजूची चित्रं काढली. डोळ्याच्या पुढच्या बाजूसाठी माझ्याबरोबर एक वेगळं भिंग आलं होतं. ते आपल्या डबीत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या पावत्यांच्या खाली पडून होतं. त्याची कुणाला आठवणच नव्हती. मला मात्र फार वाटायचं की एकदा तरी ते लावून बघावं. मग क्षिप्रा कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने सगळे खण उपसले, ती डबी उघडली आणि तशीच धावत मॅडमकडे गेली. त्या दिवसापासून मला जणू नवी नजर आली. तरीही मॅडम ते भिंग क्वचितच लावायला सांगत. ऑपरेशन झालेल्या डोळ्याचा दाब मोजला, आकडा बरा आला की झालं, अशीच वर्षानुवर्षांची रीत होती. आकड्यावर सगळ्यांचा भरवसा. माझ्यावर, खरं सांगते, थोडा कमीच.

आणि मग गेल्या महिन्यात गोजराबाई आल्या.

गोजराबाई घणसोली गावातल्या. वय सहासष्ट. पूर्वी त्यांच्या घरची भातशेती होती, आता त्या जागी तीन मजली घर आहे आणि खोल्या भाड्याने दिल्या आहेत. कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि बोलण्यात अखंड 'रामकृष्ण हरी'. गावात कुठेही कीर्तन असलं की या पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभ्या. त्यांना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची नजर आधीच गेली होती, तिथे नुसती सावली उरली होती. सगळी भिस्त उजव्या डोळ्यावर, आणि त्याचाही दाब, जो विशीच्या आत असावा लागतो, चौतीसपर्यंत चढला होता.

काचबिंदू म्हणजे काय, तेही सोपं करून सांगते. आपल्या डोळ्यात आतल्या आत सारखं पाणी तयार होतं आणि एका बारीक चाळणीतून बाहेर जातं. ती चाळणी तुंबली की पाणी साठतं, दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू वाळत जाते. वाळलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. म्हणून मॅडमनी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक इवलंसं झडपेचं दार केलं, म्हणजे पाणी त्या दारातून झिरपून वरच्या पातळ कातडीखाली जाईल. तिथे पाण्याचा एक छोटा फुगा तयार होतो. वरच्या पापणीखाली तो लपलेला असतो, बाहेरून कुणाला दिसतही नाही. आठवड्याने दाब अकरा आला. सगळे खूश. गोजराबाईंनी मॅडमच्या हातावर घरी तळलेल्या तांदळाच्या गोड बोऱ्या ठेवल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्या पुन्हा आल्या, आणि दाब सव्वीस निघाला.

माझ्याच खोलीच्या दारात उभं राहून मॅडम त्यांच्या सुनेशी बोलत होत्या. सून म्हणजे रंजिता. महापेच्या एका ऑफिसात नोकरी करणारी, सासूला दर वेळी सुट्टी काढून घेऊन येणारी. मॅडमनी तिला सांगितलं की वाट बुजलेली दिसते, सोमवारी पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. आणि हेही सांगितलं की एकदा चिरलेल्या जागी पुन्हा चिरलं की तिथे वण जास्त धरतो, त्यामुळे दुसऱ्या खेपेला खात्री कमी असते. रंजिताचा चेहरा पार उतरला. एकच डोळा उरलेला, तोही आता हातचा जातो की काय, हे तिच्या डोळ्यात मला स्पष्ट दिसत होतं. डोळेच तर बघते मी दिवसभर.

तेवढ्यात क्षिप्राने विचारलं, "मॅडम, परत ऑपरेशनला घ्यायच्या आधी एकदा पुढच्या भिंगाने बघू या का?"

"बघ. पण दाब सव्वीस आहे, क्षिप्रा. चित्राने काय वेगळं सांगणार?"

मित्रांनो, तेव्हा माझ्या आतला पंखा असा काही फिरायला लागला की विचारू नका.

गोजराबाईंना माझ्यासमोर बसवलं. त्यांनी हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. क्षिप्राने त्यांना खाली बघायला सांगून वरची पापणी अलगद उचलली. मी प्रकाश सोडला आणि चित्र सगळं हललेलं आलं. दुसरं काढलं, तेही हललेलं. तिसऱ्याची तीच तऱ्हा. क्षिप्रा गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं की गोजराबाईंचे ओठ हलत आहेत. नाम चालू होतं, आणि नामाबरोबर हनुवटी, आणि हनुवटीबरोबर डोळा.

"आजी, दोन सेकंद मनातल्या मनात घ्या ना."

"देवाला ऐकू जाईल का गो तेवढ्या बारीक?"

"जाईल आजी. मशीनला चालत नाही फक्त."

गोजराबाईंनी ओठ मिटले. खोली एकदम शांत झाली. मी प्रकाश टाकला, एकेक पडद्याने तो झेलून परत दिला, आणि माझ्या स्क्रीनच्या पडद्यावर चित्र उमटलं. काय स्वच्छ चित्र होतं ते! आयुष्यात तोपर्यंत असं चित्र मी काढलं नव्हतं. झडपेच्या दाराखाली केसासारखी बारीक काळी रेघ दिसत होती. काळं म्हणजे पाणी. म्हणजे दार उघडं होतं! आतून पाणी दारापर्यंत येत होतं. पण दाराबाहेर, जिथे पाण्याचा फुगा असायला हवा होता, तिथली कातडी सुजून जाड, पांढरीफटक झाली होती, आणि काळं पाणी तिळाएवढं उरलं होतं.

मॅडम खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर बसल्या. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "दार उघडं आहे. बाहेरच्या बाजूने बुजत चाललंय." आणि वळून त्यांनी गोजराबाईंना विचारलं, "मावशी, सूज उतरायचे थेंब दिवसातून किती वेळा टाकता?"

"रामकृष्ण हरी," गोजराबाई म्हणाल्या.

रंजिताने झटकन मान वर केली. "आई, मी ऑफिसातून फोन करून विचारायचे, थेंब टाकला का, तेव्हा पण तुम्ही हेच बोलायचात."

"मग खोटा बोलू काय?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. गावात मंगळवारपासून हरिनाम सप्ताह सुरू होता. ऑपरेशन नीट झालं म्हणून गोजराबाईंनी देवाला शब्द दिला होता. सातही दिवस सकाळपासून रात्रीचं कीर्तन संपेपर्यंत पाण्याशिवाय घशाखाली काही उतरवायचं नाही, मग फक्त दूध आणि केळं. आणि तो थेंब डोळ्यात टाकला की थोड्या वेळाने घशात कडू लागायचं. घशात उतरलं म्हणजे उपास मोडला. म्हणून दिवसा आठ वेळा टाकायचे थेंब त्यांनी बंद केले होते. रात्री कीर्तन झाल्यावर एकदाच टाकत होत्या. दुपारी मोबाइलचा गजर वाजला की तो बंद करून टाळ हातात घेत होत्या.

गोजराबाई आपणहून म्हणाल्या, "मॅडम, तुमी डोला दिलात. त्याचाच उपास हाय ह्यो. आता शब्द कसा मोडू?"

रंजिता म्हणाली की कीर्तनकार अंकुशबुवांना फोन लावते, ते सांगतील औषधाला दोष नाही म्हणून. गोजराबाईंनी मान हलवली. "बुवा काय बोलतील ते माना ठावं हाय. बुवा सोडतील. पन शब्द बुवांना नाय दिलेला."

मग मॅडमनी एक फार चांगली गोष्ट केली. त्यांनी माझा पडदा फिरवून गोजराबाईंच्या जवळ आणला आणि चित्रावर बोट ठेवून समजावायला सुरुवात केली. हे काळं ते पाणी, हे तुमच्या डोळ्याला केलेलं दार, आणि ही बाहेर आलेली सूज. गोजराबाई आपल्या एका डोळ्याने, मान तिरकी करून बघत राहिल्या. आणि मॅडमचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, "म्हंजे उघाडी हाय ही."

मॅडमना कळलं नाही. क्षिप्रालाही नाही. मग गोजराबाईंनीच सांगितलं. त्यांच्या शेताला खाडीचा बांध होता. खारं पाणी आत येऊ नये आणि शेतातलं जादा पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून त्या बांधाला एक दार असायचं, त्याला उघाडी म्हणायचे. त्यांचे सासरे रोज ओहोटीला फावडं घेऊन तिथे जायचे. "दार उघडं ठेवून भागत नाय. दाराच्या फुरं भायेर चिखल बसतो. चार दिस कुनी गेला नाय तर दार उघडं आनि पानी थितंच. सगला भात कुजून जातो."

नऊ वर्षांत काचबिंदूचं ऑपरेशन इतकं नेमकं समजावून सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि तेही पेशंटने डॉक्टरला.

"तेच थेंब म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं फावडं, मावशी," मॅडम म्हणाल्या. "दर दोन तासांनी."

गोजराबाईंना सगळं कळलं होतं. सप्ताहाचे अजून तीन दिवस बाकी होते. इकडे डोळा आणि तिकडे दिलेला शब्द. त्यांनी माळ मुठीत घट्ट धरली होती.

आणि इथेच, मित्रांनो, क्षिप्राने कमाल केली! ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि विचारलं, "आजी, कडू नक्की कुठे लागतं? जिभेवर, की मागे?"

"मांगं. घशान."

"बरोबर. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला बारीक भोक असतं. रडताना नाक वाहतं ना, ते तिथूनच. थेंब तिकडून घशात जातो. ते भोकच बंद ठेवलं तर?"

तिने स्वतःच्या नाकाच्या हाडावर, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी, बोट टेकवून दाखवलं. थेंब टाकायचा, डोळा मिटायचा आणि दोन मिनिटं इथे हलकं दाबून धरायचं. हाडावर दाबायचं, डोळ्यावर मुळीच नाही. थेंब आतच राहतो, घशात उतरत नाही, आणि औषध लागूही जास्त पडतं. मॅडमनी मान डोलावली. म्हणाल्या की हे प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशीच सांगायला हवं, आणि घाईत राहून जातं, ही चूक आपलीच.

"दोन मिन्टं कशी मोजू? माना घड्याल दिसत नाय."

"साठ वेळा रामकृष्ण हरी म्हणा. सावकाश."

तिथेच, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून गोजराबाईंनी पहिला थेंब घेतला. रंजिताने बाटली धरली, क्षिप्राने बोट नीट जागेवर ठेवून दिलं. नाम सुरू झालं. आता माझ्याकडून काही अडचण नव्हती, म्हणून मोठ्याने. पंधरा. तीस. रंजिताही पुटपुटायला लागली. पंचेचाळीस. बाहेर थांबलेल्या दोन-तीन पेशंटनी दारातून डोकावून पाहिलं. साठ. बोट काढलं. गोजराबाईंनी आवंढा गिळला. थांबल्या. पुन्हा गिळला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो.

"नाय गो," त्या म्हणाल्या. "नाय लागत." आणि मग त्या जे हसल्या! "येवढी वर्सं नाम घेते. औषधाचं माप म्हनून आज पयल्यांदा घेतला."

त्याच दुपारी मॅडमनी शेजारच्या खोलीत त्या दाराला घातलेल्या टाक्यांपैकी एक टाका लेझरच्या प्रकाशाने सैल केला, म्हणजे पाणी जरा जोराने बाहेर येईल. सोमवारच्या ऑपरेशनची वेळ मात्र वहीत तशीच ठेवली. म्हणाल्या, सोमवारी सकाळी आधी चित्र, मग दाब, मग काय ते ठरवू. आधी चित्र! माझं नाव आकड्याच्या आधी घेतलं गेलं, हे नऊ वर्षांत पहिल्यांदा घडलं. पण खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्याचा आनंदही नीट करता आला नाही. शनिवार गेला. रविवारी दवाखाना बंद, माझ्यावर कापड झाकलेलं. मनात एकच विचार, पाणी सुटलं असेल का?

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्या आल्या. सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याच्या कीर्तनाचा. हिरवं लुगडं नेसून, तयार होऊनच आल्या होत्या. उपास तर होताच, आणि ऑपरेशन ठरलं तर पोट रिकामं हवंच होतं. रंजिताच्या एका हातात टाळांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात इस्पितळाचे कागद. दोन्हींची तयारी केलेली. त्यातलं काय लागणार, ते माझ्यावर होतं.

गोजराबाईंनी हनुवटी टेकवली आणि सांगायच्या आत ओठ मिटले. क्षिप्राने पापणी उचलली. पहिलं चित्र पुसट आलं, डोळ्यात पाणी तरारलं होतं. क्षिप्राने कापसाने कड टिपली. पुन्हा प्रकाश गेला. मी वाट पाहिली. आणि जिथून तीन दिवसांपूर्वी ढीगभर प्रकाश परत आला होता, तिथून या वेळी काहीच परत आलं नाही!

काळं! दाराखालून निघालेली काळी रेघ बाहेर येऊन चांगल्या वालाच्या दाण्याएवढ्या काळ्या डोहाला मिळाली होती. वरच्या कातडीची सूज उतरून ती पातळ झाली होती आणि तिच्यात अनारशाला पडते तशी बारीक जाळी पडली होती. पाणी त्या जाळीतून झिरपत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला आवाज नाही. मला फक्त चित्र आहे. मी ते पडद्यावर लख्ख मांडलं.

मॅडमनी चित्र मोठं केलं, मापं घेतली, शुक्रवारचं चित्र शेजारी लावून पाहिलं. मग दाब मोजला. बारा. त्यांनी वही मागवली आणि सोमवारच्या ऑपरेशनवर स्वतःच्या हाताने काट मारली. रंजिता भिंतीला टेकून उभी होती, ती तशीच खाली बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. गोजराबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मग मी काल्याला जाऊ?" त्यांनी विचारलं.

"जा. पण थेंब चालू ठेवायचे, बुक्का डोळ्यात जाऊ द्यायचा नाही आणि कुणाच्याही वाकून पाया पडायचं नाही."

"वाकू नको? मंग देवाला काय लांबनं टाटा करू?"

"उभ्याने हात जोडा, मावशी. त्याला दिसतं."

टाळांची पिशवी घेऊन त्या गेल्या. जिन्यातून नामाचा आवाज खालच्या फरसाणाच्या दुकानापर्यंत उतरत गेला.

आता आमच्या दवाखान्यात काचबिंदूचं ऑपरेशन झालेला प्रत्येक डोळा माझ्यासमोर येतो. ते भिंग आता डबीत जातच नाही. माझं वय झालंय, चालू व्हायला मला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, पण क्षिप्रा थांबते. गेल्या आठवड्यात रंजिता एकटीच औषध न्यायला आली होती, तेव्हा तिने सांगितलं की घणसोलीच्या देवळात आता दुपारी वेगळाच कार्यक्रम असतो. गावात काचबिंदूचे थेंब टाकणाऱ्या आणखी चार बायका निघाल्या. गोजराबाई त्यांना ओळीने बसवतात, प्रत्येकीचं बोट नाकाच्या हाडावर नीट आहे का ते बघतात आणि साठ नामं मोजून घेतात. राहीबाई म्हणून एक आहेत, त्या चाळिसाव्यालाच बोट काढतात. गोजराबाई त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावतात.

मित्रांनो, मी डोळ्यातली कातडी, पडदे यांच्या पलीकडचं बघू शकते. पण एखाद्याने थेंब का टाकला नाही, ते माझ्या कुठल्याच भिंगातून दिसत नाही. ते फक्त विचारल्यावर कळतं. म्हणून एवढं एक मागते. तुमच्या घरी कुणी डोळ्यात औषध टाकत असेल, तर नुसतं 'टाकलं का' असं लांबून विचारून खेळायला पळू नका. दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसा. घशात कडू लागलं का, ते विचारा. आणि ते काही भलतंच उत्तर देऊन हसले, तर उठू नका. आणखी थोडं थांबा.